दादाने रेसचा ट्रॅक पुन्हा जोडला तेव्हा

पहिल्याच रविवारी मला ते दिसलं होतं. दिसलं आणि मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

माझा मोठा भाऊ, माझा दादा, चिंचपोकळीच्या आमच्या जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. वहिनी गेल्यापासून एकटाच. मूलबाळ नाही. वय बासष्ट, धंदा वायरमनचा. वडील गिरणीत वायरमन होते, त्यांच्या हाताखाली तो शिकला. त्याचा हात लागला नाही असा एकही पंखा त्या चाळीत नसेल. शिवाय दरवर्षी गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाचा चलतचित्रांचा देखावा असतो. देवाचा हात वर जातो, राक्षसाची मान फिरते, नदी वाहते, त्या सगळ्या मोटरी आणि दिवे दादाचे. गेली तीस-पस्तीस वर्षं बांबूच्या परांचीवर चढून हे काम तोच करत आला. एरवी त्याला कोणी फारसं विचारत नाही, पण ते दीड-दोन महिने त्याला विचारल्याशिवाय मांडवात खिळासुद्धा ठोकत नसत.

मी अँटॉप हिलला राहते, नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दर रविवारी सकाळी डबा घेऊन दादाकडे जाते. डब्यात बांगड्याचं तिखलं असलं तर स्वारी खूश. भाजी असली तर "आज उपास काय गो?" म्हणून तोंड वाकडं.

त्या रविवारी गेले तर खोलीभर काळ्या प्लास्टिकचे तुकडे पसरलेले आणि मधोमध दादा बनियनवर बसलेला. माळ्याला वाळवी लागली म्हणून त्याने माळा रिकामा केला होता आणि तळाशी आमचा रेसिंग सेट सापडला होता.

आमचा म्हणायचं आपलं. सेट दादाचा होता. मामा बोटीवर नोकरीला होता. जपानवरून येताना त्याने भाच्यासाठी मोटारींचा सेट आणला आणि भाचीसाठी डोळे मिटणारी बाहुली. ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्यात दोन खाचा आणि खाचांच्या बाजूंना लोखंडी पट्ट्या. पट्ट्यांतून करंट जायचा, गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत अडकायची, आणि हातातल्या पिस्तुलासारख्या यंत्राचा घोडा दाबला की गाडी सुटायची. जास्त दाबला की वळणावर खाच सोडून उडायची. ती उचलून परत खाचेत बसवायचं काम माझं. एक लाल गाडी, एक निळी, गॅलरीतली दहा पोरं रांगेत, आणि मी वळणापाशी मांडी ठोकून. एकदा तरी पिस्तूल हातात द्या म्हटलं की आई म्हणायची, "तुका बावली आसा मां?" त्या बाहुलीचे डोळे मी महिन्याभरात फोडले.

"हा चालू करायचा," दादा म्हणाला. "पूर्ण. पहिल्यासारखा."

मला बरंच वाटलं. हल्ली त्याच्याकडे कामं येत नव्हती. शेजारच्या काकू जिन्यात मला कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या होत्या की त्यांचा मिक्सर त्याने खोलून ठेवलाय, महिना झाला, जोडून देत नाही. मी म्हटलं, आळस, दुसरं काय.

ट्रॅक आठाच्या आकड्याचा. लहानपणी दादा तो डोळे बांधून जोडून दाखवायचा. त्या दिवशी त्याने तो जोडत आणला आणि शेवटची दोन टोकं समोरासमोर आलीच नाहीत. हातभर अंतर राहिलं. त्याने सगळं सोडवलं, पुन्हा जोडलं. पुन्हा तेच. मग म्हणाला, "इतक्या वर्षांत प्लास्टिक फुगलंय."

"प्लास्टिक नाही, तू फुगलायस," म्हणत मी खो खो हसले. एक वळण डावीकडे वळायचं ते उजवीकडे लागलं होतं, एवढंच. मी ते काढून फिरवून लावलं आणि आठ पुरा झाला. दादा हसला नाही. तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग त्याने तो काढला, लावला, परत काढला, परत लावला. मी तिखलं गरम करायला उठले तेव्हाही त्याचं तेच चाललं होतं.

पुढचे रविवार मात्र फार छान गेले. इतके की पहिला रविवार मी विसरूनच गेले. पट्ट्यांवर गंज चढला होता. आधी बारीक पॉलिश पेपर, मग शाळेतला खोडरबर, असं घासून घासून आम्ही त्या चकचकीत केल्या. गाड्यांचे टायर खडूसारखे चुरले होते, त्यांच्या जागी दादाने नळाच्या कामातल्या रबरी रिंगा कापून बसवल्या. गाडीच्या नाकाखाली तांब्याच्या तारेच्या दोन इवल्याशा वेण्या असतात, त्या पट्टीवर घासत जातात आणि करंट उचलतात. त्यांचा तर पत्ताच नव्हता. दादाने जुनी केबल टीव्हीची वायर सोलली, आतली तांब्याची जाळी मोकळी केली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

"घाल वेणी. लहानपणी तासन् तास आरशापुढे बसायचीस, आता कामाला येऊ दे."

मी घातली. त्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "डोक्यावर कधी एवढी सरळ घातली नाहीस." तो सोल्डर करायला बसला की मी बघत राहायचे. कथलाचा मण्याएवढा थेंब, एक फुंकर, झालं. हात जराही हलायचा नाही. ज्याचे हात इतके शाबूत आहेत त्याला काय होणार, असं मला वाटायचं.

मग त्याने पिस्तुलं जोडली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माझ्या हातात पिस्तूल आलं. चाचणीपुरती टॉर्चच्या सेलांची माळ लावली होती. लाल गाडी माझी. मी घोडा दाबला आणि निळी पळाली.

"च्यायला," दादा म्हणाला, आणि त्याने वायरींची अदलाबदल केली. लाल पळाली. आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या रविवारी मी घोडा दाबला आणि पुन्हा निळी पळाली.

"हात लावलाय कुणीतरी," दादा म्हणाला.

"कोण लावणार? खोलीला कुलूप असतं तुझ्या."

"तेच म्हणतो मी. कुलूप असून हात लावतात." तो हे थट्टेने म्हणाला नव्हता. त्याने उठून दाराची कडी तपासली, मग खिडकीचे गज हलवून बघितले. मला त्याच्या पाठीकडे बघून एकाएकी भीती वाटली.

त्यानंतरच्या रविवारी ट्रॅकवर चिठ्ठ्या आल्या. चिकटपट्टीचे तुकडे, त्यावर त्याच्या अक्षरात लाल, निळी, उजवी, डावी. जन्मात त्याने वायरीला खूण केली नव्हती. खूण लागते तो वायरमन नव्हे, असं तोच लोकांना सुनवायचा. पुढच्या वेळी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेले तर गॅसच्या बटणाशेजारी चिठ्ठी, बंद. दाराच्या मागे चिठ्ठी, किल्ली. वहिनीच्या फोटोखाली एक चिठ्ठी होती, ती मी वाचली नाही. वाचायचा धीर झाला नाही. डबा ठेवला, इकडचं तिकडचं बोलले आणि त्या दिवशी लवकर निघाले.

मे महिन्यात फक्त ट्रान्सफॉर्मर जोडायचा राहिला. सेट परदेशी, आपल्या करंटवर जळून गेला असता, म्हणून बाबांनी स्वतः तार गुंडाळून करंट कमी करणारा एक डबा बनवला होता, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. त्याला प्लग नव्हता. त्याच्या दोन वायरी थेट भिंतीवरच्या बोर्डात बसवायच्या. मी म्हटलं, बाजारात तयार अडॅप्टर मिळतो. दादा म्हणाला, "बाबांचा डबा असताना?"

बाबांनी डबा दिला तसा एक नियमही दिला होता, गिरणीतला. लाइनला हात लावायच्या आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. बाजूला ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. फ्यूज तुझ्या खिशात असला की तुझी लाइन कुणी चालू करू शकत नाही. त्यांच्या खात्यात हा नियम मोडून एक माणूस गेला होता, ते सांगताना बाबांचा आवाज बदलायचा. दादाने आयुष्यभर हा नियम पाळला. चाळीचे फ्यूज जिन्यापाशी एका फळीवर रांगेने आहेत, जुने, चिनीमातीचे. घरमालकाने नवे खटके बसवायला काढले तेव्हा दादा भांडला. "खटका कोण पण वर करतो. फ्यूज माझ्या खिशात राहतो."

तो बाहेर गेला, परत आला, शर्टाच्या खिशावर थाप मारली. भिंतीवरच्या बोर्डाचं झाकण काढलं आणि आतल्या वायरी बोटाने बाहेर ओढायला लागला. मी ट्रॅकपाशी बसून बाबांचा डबा फडक्याने पुसत होते. समोर त्या चिठ्ठ्या फडफडत होत्या. लाल, निळी, उजवी, डावी. मी त्यांच्याकडे बघत होते आणि काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. बाहेर पान हलत नव्हतं. मग मी वर बघितलं. पंखा फुल स्पीडवर फिरत होता.

"दादा, हात काढ!"

मी इतक्या जोरात किंचाळले की त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. "काय झालं गो?"

मी वर बोट दाखवलं. त्याने पंख्याकडे बघितलं. मग खिशात हात घातला, फ्यूज काढला आणि माझ्यापुढे धरला. "हा काय. माझ्याकडे आहे."

"पंखा चालू आहे, दादा."

तो बराच वेळ वर बघत राहिला. एकदा हातातला फ्यूज, एकदा पंखा. मग अगदी समजूत घातल्यासारखा मला म्हणाला, "वाऱ्याने फिरतोय."

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "ओ भाऊ, आमची लाइट तुम्ही काढलीत काय?"

ती फळी त्याने स्वतः बसवलेली. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा हे चाळीत फक्त त्यालाच माहीत. त्याने नियम पाळला होता, अक्षर न् अक्षर पाळला होता, फक्त शेजारच्या खोलीचा. मी मेन स्विच बंद केला, काकूंचा फ्यूज जाग्यावर नेऊन लावला आणि परत आले तर तो जमिनीवर बसला होता. त्याने माझं मनगट धरलं.

"कुणाला सांगू नको. मंडळाला तर नकोच."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात डोळे तपासायचं खोटं सांगून मी त्याला परळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरबाईंनी त्याला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, इतर गप्पा मारल्या आणि मग ते शब्द विचारले. दादाने एकही सांगितला नाही. उलट त्यांना म्हणाला, "मॅडम, ती ट्यूब फडफडतेय ना, तिचा चोक गेलाय. बदलून घ्या, नाहीतर जळेल." डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं. हे वाढत जाणार, म्हणाल्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मी अजून कुणाजवळ उच्चारलेलं नाही. उंचावर चढणं बंद, विजेचं काम बंद, आजपासून.

आता रात्रंदिवस माझ्या डोक्यात परांची. तीन मजली बांबूची परांची, वर दादा, हातात जिवंत वायर, आणि खिशात भलताच फ्यूज. मंडळाला सांगितलं की दादाचं सगळंच संपतं. नाही सांगितलं तर दादाच संपतो. इतकं सोपं होतं, आणि तरी मी दोन रविवार गप्प राहिले. स्वतःला सांगत होते की अजून वेळ आहे.

तयार अडॅप्टर आणून मी बाबांचा डबा कपाटात टाकला. दादाने कुरकुर केली, पण फार नाही. आणि जूनमधल्या एका रविवारी दुपारी तो सेट खरोखर चालला. दोन्ही गाड्या खाचेतून सुटल्या, आठाच्या पुलावरून वर, पुलाखालून आत, तोच जुना घर्र आवाज, गरम मोटरचा तोच वास. दादाने मला चारी मुंड्या चीत केलं. मी वळणावर उडाले की टाळ्या पिटत होता. "ब्रेक, ब्रेक! आयुष्यात कधी कमी दाबायला शिकलीस नाही!" मला खूप आनंद झाला होता.

तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी दारात आला. पस्तिशीचा, नोकरी सांभाळून मंडळाचं करणारा, चांगला माणूस. चपला काढून आत आला, ट्रॅक बघून खूश झाला. मग त्याने पिशवीतून नारळ काढला. आमच्या गल्लीत पहिल्यापासून ही पद्धत आहे. कारागिराला कामाचं आमंत्रण नारळ देऊन करायचं. नारळ हातात घेतला की काम घेतलं. मग तो कारागीर आजारी असो, भांडलेला असो, मागे हटत नाही.

"काका, सोमवारपासून मीटिंगला या. यंदा समुद्रमंथन करायचंय."

दादा उठला. शर्टाला हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"नारळ देऊ नका," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"तो परांचीवर चढणार नाही."

"काय ताई, गुडघे काय?" सेक्रेटरी हसला.

दादाची नजर मला विनवत होती. गुडघे म्हण. मला ते म्हणता आलं असतं. पण गुडघे म्हटलं असतं तर त्यांनी त्याला मानाने खाली खुर्ची दिली असती, मेन बोर्डापाशी. वर दहा माणसं आणि खाली फ्यूजच्या फळीपाशी दादा. मला ते चित्र दिसलं आणि माझा तोल गेला. भीती वाटली की मी तुसडी होते, लहानपणापासून.

"गुडघे नाही, डोकं. त्याच्या डोक्यात आता काही राहत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. त्याच्या हातात लाइन देऊ नका, कुणाचा तरी जीव जाईल."

याहून वाईट शब्द मला सापडले नसते. सेक्रेटरी नारळ हातात घेऊन उभा राहिला. तो देता येईना आणि पिशवीत घालता येईना. शेवटी त्याने घातला. जाताना दादाच्या पाया पडला, आणि ते पाया पडणंच दादाला फार लागलं.

"वचन दिलेलंस," एवढंच दादा म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून बसला. मी निघेपर्यंत वळला नाही, जेवला नाही.

पुढच्या रविवारी डबा घेऊन जिना चढले. दार उघडलं तर दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हसरा दादा. "खाली मंडळाचं कोण दिसलं काय गो? नारळ घेऊन यायला पाहिजे होते एव्हाना."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खाली बसले आणि त्याला सगळं सांगितलं. तोच चेहरा मी पुन्हा उतरताना बघितला. "वचन दिलेलंस," तो पुन्हा म्हणाला, पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखा. पुन्हा भिंतीकडे तोंड.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा इस्त्रीचा शर्ट. पुन्हा सांगितलं. पुन्हा भिंत. तिसऱ्या खेपेला माझ्याने सांगवेना.

"नाही दिसलं कोणी," मी म्हटलं.

"येतील," दादा म्हणाला. "माझ्याशिवाय कोण करणार?"

तेव्हापासून असंच चाललंय. मी जाते, तो विचारतो, मी नाही म्हणते, आणि आम्ही गाड्या पळवतो. परवाच्या रविवारी मात्र खाली बांबू बांधायचे आवाज येत होते. दादा गॅलरीत उभा होता. मांडवाची परांची उभी राहिली होती आणि तिच्यावर एक अनोळखी माणूस, कमरेला पट्टा, खांद्यावर वायरींचं भेंडोळं. दादा कठड्याला धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत होता.

"दुसरा घेतला त्यांनी," तो म्हणाला. "पस्तीस वर्षं केलं मी. एक माणूस जिना चढून साधं विचारायला आला नाही. आम्हाला यंदा जमत नाही, एवढं सांगायला तरी यायचं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबा गेले तेव्हाही त्याला मी रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याला आत आणलं, बसवलं. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि माझा हात हातात घेतला.

"तू तेवढी आपली राहिलीस बघ," तो म्हणाला. "तू कधी दगा नाय दिलास."

मी ताट घेतलं आणि त्याला भात वाढला.